जुनी गाडी काढून सेडान घेताय? आधी जुनीचे कागद मोकळे करा

मराठवाड्यात जुन्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती पळाली?’ अडीच लाख किलोमीटर म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि भाव पाडतो. आरटीओला मात्र या आकड्याशी देणंघेणं नाही. तिथे नोंदणीची तारीख बघतात. अडीच लाख पळालेली बारा वर्षांची गाडी कागदोपत्री ठणठणीत असू शकते. साठ हजारच पळालेली, पण नोंदणीची पंधरा वर्षं संपलेली गाडी मात्र नूतनीकरणाशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून गाडी बदलायची ठरली की शोरूमला जाण्याआधी आरसी बुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, काढा. नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, नाव कोणाचं आहे आणि बँकेचा बोजा अजून दिसतो का, या तीन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं.

दहा वर्षांची डिझेल गाडी बंद होते, असं सांगून भाव पाडणारे एजंट भेटतील. तो निर्बंध दिल्ली-एनसीआरचा. लातूर, नांदेड, परभणीला तो लागू नाही.

ठेवायची, विकायची की मोडीत काढायची

खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे चालवायची तर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. कारसाठी हे शुल्क २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलं. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये आणखी वाढवून १०,००० केलं. उशीर झाला तर दरमहा ५०० रुपये वेगळे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, टायर आणि तपासणीपूर्वीची डागडुजी. चौदाव्या-पंधराव्या वर्षात असलेली, खूप पळालेली गाडी ठेवून हा खर्च करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मुदत संपायच्या आत विकली तर गिऱ्हाईक मिळतं. मुदत संपल्यावर भंगाराचा भाव येतो.

भंगारातच काढायची असेल तर एक फरक समजून घ्या. जालन्याच्या पोलाद कारखान्यांमुळे आपल्याकडे भंगारवाल्यांची कमी नाही, पण कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला गाडी दिली म्हणून सरकारदरबारी ती मोडीत निघत नाही. आरसी तुमच्याच नावावर जिवंत राहते. त्यासाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत असलेलं वाहन स्क्रॅपिंग केंद्रच लागतं. तिथे मूळ आरसी, आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील द्यायचा. गाडीवर कर्जाचा बोजा आणि चोरी-गुन्ह्याची नोंद नसावी. केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडीत दिल्याचा दाखला, मिळतं. ते दाखवलं की नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं. ऐकायला मोठं वाटतं, पण कारसाठी ते शुल्क अवघं ६०० रुपये आहे. खरा फायदा मोटार वाहन करात. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये त्यात १५ टक्के सवलतीला मान्यता दिली. तुमच्या गाडीच्या वयाला ती लागू होते का, हे गाडी केंद्रात सोडण्याआधी आरटीओत विचारा.

नाव बदलेपर्यंत गाडी तुमचीच

विक्रीत सगळ्यात जास्त ढिलाई इथे होते. किल्ली दिली, पैसे आले, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, विषय संपला. पुढे ती गाडी चार हातांतून फिरते, प्रत्येक जण तेच कोरे फॉर्म पुढे सरकवतो आणि ई-चलान मात्र तुमच्या मोबाइलवर येत राहतं. चलानापुरतं असतं तर ठीक होतं. अशाच अनेक हातांतून गेलेल्या एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला की, परिवहन खात्याच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणून तारीख आणि घेणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय सही करू नका, मग घेणारा पाहुणा का असेना.

पद्धत अवघड नाही. फॉर्म २९ म्हणजे विकल्याची सूचना, ती दोन प्रतींत. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज, त्यावर विकणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो. अर्ज परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर भरायचा. कारच्या नाव बदलाचं केंद्रीय शुल्क ३०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० वेगळे. एजंट जो आकडा सांगेल त्यातलं बाकीचं कशाचं, हे त्याला विचारायला लाजू नका.

हा अर्ज तीन ठिकाणी अडतो. एक, जुना बोजा. कर्ज फिटून वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं, कारण हप्ते संपल्यावर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) कोणी आरटीओत नेलीच नाही. बँकेची शाखा बदलली, विलीन झाली असेल तर एनओसीला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं. दोन, नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा प्लेट बसवलेली नसेल तर आरटीओतली कामं अडवली जातात. कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. तीन, थकलेली ई-चलानं. ती भरून मगच गिऱ्हाईक दाखवा.

गाडी शोरूमला एक्सचेंजमध्ये दिली तरी जबाबदारी आपोआप सुटत नाही. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर फॉर्म २९ सी मध्ये नोंदवली की तिथून पुढची जबाबदारी त्याच्यावर येते. त्याची पोच मागा. ‘होईल साहेब’ म्हणजे पोच नव्हे.

वडिलांच्या नावावरची गाडी

घराघरात हा प्रकार आहे. वडील जाऊन वर्षं झाली, मुलगा गाडी चालवतो, आरसीवर नाव वडिलांचंच. अशी गाडी थेट विकता येत नाही. आधी वारसाच्या नावावर करावी लागते. नियमाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत वारसाच्या नावाचा फॉर्म ३१ भरायचा असतो. मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांची संमती आणि प्रतिज्ञापत्र लागतं. बहीण सासरी असेल तर तिची सही आधी घेऊन ठेवा. अर्ज बहुधा त्याच सहीपायी रेंगाळतो.

विम्याचा बोनस तुमचा, गाडीचा नव्हे

पाच वर्षं क्लेम केला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस जमतो. तो मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून बोनस राखीव ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या पॉलिसीत वजा होतं. शोरूमचा माणूस हे स्वतःहून सांगेलच असं नाही. विमा त्याच्याकडूनच घ्यायची सक्तीही नाही.

नवी सेडान: किंमत, पात्रता, कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत फरक पडला. चार मीटरपेक्षा जास्त लांब नसलेली, १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसते. त्यापुढची ४० टक्क्यांत जाते. डिझायर, ऑरा, टिगोर, अमेझ या १८ टक्क्यांतल्या, तर सिटी, व्हर्ना यांसारख्या लांब गाड्या ४० टक्क्यांतल्या. चौघांचं कुटुंब आणि तुळजापूर-माहूरला जाताना लागणारं सामान, एवढ्यासाठी छोटी सेडान पुरते. सीएनजी घेणार असाल तर टाकी बसवलेली डिकी उघडून बघा आणि मगच बोला.

राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारवर मोटार वाहन कर ११ टक्के, डिझेलवर १३. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणून हौसेने फर्मचं नाव टाकण्याआधी सीएला विचारा. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापतात, तो विवरणपत्रात परत मागता येतो.

नोंदणीचा फॉर्म २० शोरूमच भरतं. तुम्ही आधार, पॅन, फोटो आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा. कर्ज असेल तर बोज्याच्या नोंदीचा फॉर्म ३४, त्याचं शुल्क कारला १,५०० रुपये. नोकरदाराला पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पुरतं. शेतकऱ्याचं काम थोडं लांबतं. सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं किंवा आडतीच्या पट्ट्या, आणि पैसे खात्यातून फिरल्याचा पुरावा. रोखीत घेतलेलं सोयाबीनचं उत्पन्न बँकेला दिसत नाही. पूर्वी पीक कर्जात तडजोड झाली असेल तर सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ती ‘सेटल्ड’ म्हणून राहते आणि कार कर्ज तिथे अडतं. बुकिंगचे पैसे भरण्याआधी अहवाल काढून बघा.

हैदराबादची स्वस्त गाडी

देगलूर, उदगीर, उमरगा भागात तेलंगण-कर्नाटकातली जुनी सेडान स्वस्तात मिळते. किमतीत तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी आणि महाराष्ट्रात नव्याने भरायचा कर धरलेला आहे का, हे आधी विचारा. इथे आणल्यावर बारा महिन्यांच्या आत नवा नंबर घ्यावा लागतो. तिथे भरलेल्या कराचा परतावा मागायचा तो मूळ मालकाने, त्याच राज्यात. सौदा झाल्यावर तो माणूस फोन उचलेल की नाही, हे धरूनच किंमत ठरवा.

नवी असो वा जुनी, हातात आलेल्या आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघा, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवा आणि नोंदणीच्या वेळीच वारस म्हणून नॉमिनीचं नाव टाका. ही सोय २०२१ पासून आहे.