सतत भीतीदायक मजकूर वाचल्याने माणूस सावध राहतो का?

“सर्वनाशाच्या बातम्यांवर सतत नजर ठेवा, घाबरलेला माणूसच वेळेवर सावध होतो,” असा संदेश वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्यामागे आपल्या माणसांची काळजी असते, म्हणून तो पटतोही; परंतु तो खरा नाही.

सावधपणा म्हणजे माहितीवरून केलेली कृती. पुराचा इशारा वाचून कागदपत्रे माळ्यावर ठेवली, की माहिती कामी येते आणि मनही निवते. जगबुडीच्या भाकितांवर करण्याजोगे काहीच नसते; तरीही शरीर धोका समोर असल्यासारखे वागते, छाती धडधडते, झोप उडते, आणि ती अस्वस्थता शमवण्यासाठी माणूस पुन्हा तोच मजकूर उघडतो. त्यातच गटातील सगळे एकच सूर लावत असतील, तर शंका घेणारा गप्प बसतो आणि भाकीत अधिकच निश्चित वाटू लागते.

२०१३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉन शर्यतीत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतरच्या पाहणीत, रोज ६ किंवा अधिक तास त्या स्फोटांचे वार्तांकन पाहणाऱ्यांनी घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण नोंदवला. मुळात चिंताग्रस्त माणसे अधिक पाहत असतील, ही शक्यता अर्थातच उरते.

म्हणून पडताळणी स्वतःच करावी. आठवडाभर वहीत वाचनाची मिनिटे, झोपेचे तास आणि वाचनामुळे केलेली ठोस कृती लिहावी. पुढच्या आठवड्यात दिवसातून एकदाच अधिकृत इशारे पाहून तशीच नोंद ठेवावी आणि दोन्ही आठवड्यांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. झोप तरीही परतली नाही, तर १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या निःशुल्क शासकीय मदत क्रमांकावर (टेली-मानस) कोणत्याही वेळी बोलता येते.