ब्रशच्या पाठीमागची स्प्रिंग

विहिरीवर आमचं डिझेल इंजिन होतं, त्या दिवसांत पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट घरातून बाहेर येतो त्या डोरी भरलेल्या जागेतून, सारखं पाणी ठिबकायचं आणि मला ते बघवायचं नाही. दुष्काळी मुलखातलं पोर, थेंब वाया गेला की जीव तुटायचा. पाना हातात घेतला रे घेतला की आबा लांबूनच ओरडायचे, "लई आवळू नको, शाफ खाईल!" एकदा ते बाजाराला गेल्यावर मी दोन्ही नट गच्च आवळले. ठिबकणं थांबलं. अर्ध्या तासात जळक्या डोरीचा वास सुटला, आणि इंजिन बंद करून पाहिलं तर शाफ्टवर नखाला लागेल अशी चरी पडलेली. आबांनी आल्यावर नवी डोरी भरली, नट नुसत्या बोटांनी बसवले, मग पाव-पाव आटा देत मिनिटाला पाच-सहा थेंबांवर आणून सोडले. त्या थेंबांवरच डोरी ओली आणि गार राहते, हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळालं.

फिरणारा दांडा आणि स्थिर घर यांच्यातल्या फटीचं काय करायचं, हा प्रश्न वीज केंद्रातल्या टर्बाइनमध्येही असतो. फक्त तिथे चूक पाच रुपयांच्या डोरीवर भागत नाही. तिथल्या उत्तरांपैकी एक म्हणजे तारांचा ब्रश आणि त्याच्या पाठीमागची स्प्रिंग, तिचीच ही गोष्ट.

परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात सध्या २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. अशा आकाराच्या टर्बाइनमध्ये शिरणारी वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापलेली असते आणि रोटर, म्हणजे पात्यांसकट फिरणारा दांडा, मिनिटाला ३००० फेरे मारतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शाफ्टचा व्यास ५०० मि.मी. धरू. त्याच्या पृष्ठभागाचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या घरात जातो. या वेगाने पळणाऱ्या पोलादाला स्थिर पोलाद टेकवता येत नाही, म्हणून मध्ये फट ठेवावीच लागते. ती अर्धा मि.मी. ठेवली, म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. पण ही फट शाफ्टच्या सगळ्या परिघाभोवती असते. सगळी मिळून मोजली तर ७८५ चौरस मि.मी. भरते. शेतकऱ्याच्या भाषेत, सव्वा इंची पाइपाचं तोंड सताड उघडं. आणि असं तोंड एका जागी नाही, पात्यांच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याला असतं. त्यातून निसटलेली वाफ बहुतेक वेळा यंत्राबाहेर जात नाही, पण पात्यांना वळसा घालून, काहीही काम न करता पुढे निघून जाते. कोळसा जाळून, पाणी उकळून तयार केलेली वाफ.

अशी फट अडवणाऱ्या भागाला सील म्हणतात, आणि यावरचा जुना उपाय म्हणजे लॅबिरिंथ सील. आधुनिक वाफेच्या टर्बाइनचा जनक चार्ल्स पार्सन्स याने १८८४ साली आपलं यंत्र चालवलं, आणि या सीलची कल्पनाही त्याच्याच कामातून पुढे आली. शाफ्टभोवती धारदार दातांची रांग असते. वाफ एका दाताखालून वेगाने निसटते, पुढच्या पोकळीत भोवरा होऊन तो वेग गमावते, मग पुढचा दात. काहीजण याला चक्रव्यूह म्हणतात. मला ते पटत नाही. चक्रव्यूहातून अभिमन्यू बाहेर येत नाही, इथून वाफ बाहेर येतेच, फक्त दमून आणि थोडी थोडी.

लॅबिरिंथची फट जितकी कमी तितकं बरं, पण ती कमी करण्याची हिंमत कोणी करत नाही, कारण यंत्र सुरू करताना रोटर शहाण्यासारखा वागत नाही. जाड केसिंग, म्हणजे बाहेरचं स्थिर घर, आणि रोटर वेगवेगळ्या गतीने तापतात. रोटर वरच्या बाजूने जास्त गरम राहिला तर किंचित कमानीसारखा वाकतो. त्यात ३००० फेऱ्यांपर्यंत पोहोचण्याआधी एखादा क्रिटिकल स्पीड ओलांडावा लागतो, म्हणजे असा वेग की ज्याला रोटरची स्वतःची कंपनं आणि फिरणं यांचा ताल जुळतो आणि सगळं थरथरायला लागतं. अशा क्षणी दात शाफ्टला घासला की ती जागा तापते, तापलेल्या बाजूने शाफ्ट आणखी वाकतो, वाकला की आणखी घासतो. १९२६ साली न्यूकर्क या अभियंत्याने हे दुष्टचक्र मांडलं, आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. एवढं होऊन यंत्र वाचलं तरी दात झिजलेले असतात. सकाळच्या पाच मिनिटांच्या घासण्याने वाढलेली फट पुढच्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत, कित्येकदा काही वर्षं, तशीच गळत राहते.

म्हणून यंत्र किती वेळा बंद-चालू होतं याला फार महत्त्व. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. २०१५ साली पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात 'नो केन' झालं, म्हणजे उसाच्या गाड्या आल्याच नाहीत, की मिल थांबते, वाफेचा भार कोसळतो, आणि दोन-चार तासांनी पुन्हा सगळं तापवायचं. प्रत्येक वेळी तीच परीक्षा.

ब्रश सील इथे येतं. १९८० च्या दशकात रोल्स-रॉइसने विमानाच्या इंजिनांसाठी ते वापरण्याजोगं केलं, आणि पुढे ते जमिनीवरच्या गॅस आणि वाफेच्या टर्बाइनमध्ये उतरलं. दोन पट्ट्यांमध्ये दाबून बसवलेल्या बारीक तारांची ही झालर असते. तारा कोबाल्टच्या मिश्रधातूच्या, जाडी साधारण ०.१ मि.मी., माणसाच्या जाडसर केसाएवढी. परिघावर दर मिलीमीटरला ५० तारा धरल्या तरी आपल्या शाफ्टभोवती ७८ हजारांवर तारा होतात. त्या शाफ्टवर सरळ रोवलेल्या नसतात, फिरण्याच्या दिशेने सुमारे ४५ अंश कललेल्या असतात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर हात फिरवून बघा, केसांच्या कलाने गेला तर सुळकन जातो, उलटा नेला की केस उभे राहतात. तसंच हे. म्हणून ब्रश सील बसवलेला रोटर दुरुस्तीत हातानेसुद्धा उलटा फिरवू नये.

शाफ्ट हलला तर तार वाकते आणि परत येते. घासली तरी उष्णता फार होत नाही, कारण केसाएवढ्या तारेचा रेटाच तो किती! चांगल्या स्थितीतलं ब्रश सील लॅबिरिंथच्या तुलनेत गळती कितीतरी कमी करतं. वाफेच्या टर्बाइनमध्ये बहुधा दोन्ही एकत्र नांदतात. दातांच्या रांगेत मधोमध एक ब्रश. ब्रश झिजला तर दात आहेतच.

मग स्प्रिंग कशाला? तारा स्वतःच तर लवतात.

तारा लवतात, पण दाब चढला की त्यांचा स्वभाव बदलतो. वाफेचा रेटा त्यांना मागच्या पट्टीवर दाबून धरतो, एकमेकींत घट्ट बसवतो, आणि झालर ताठ होते. ओल्या गोणपाटासारखी. शिवाय तोच प्रवाह तारांची टोकं शाफ्टकडे ओढून फट आपोआप मिटवतो, जे सीलसाठी उत्तम, पण माघार घेण्यासाठी नाही. त्यातून मागची पट्टी शाफ्टपासून लांब ठेवावी तर वाफेच्या दाबाने तारा तिच्याखालून दुमडतात, जवळ ठेवावी तर क्रिटिकल स्पीडच्या थरथरीत पट्टीच शाफ्टला धडकते. तारेची लवचीकता मि.मी.च्या दशांशात मोजायची आणि रोटरचं डोलणं त्याहून मोठं.

उपाय असा: अख्खं कडंच हलतं ठेवायचं. सीलचं कडं सहसा सहा तुकड्यांत कापतात. प्रत्येक तुकडा केसिंगमधल्या टी-आकाराच्या खाचेत सरकवतात आणि त्याच्या पाठीमागे पानाची किंवा गुंडाळीची स्प्रिंग ठेवतात. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. स्प्रिंग ब्रशला शाफ्टवर दाबत नाही. ती तुकड्याला खाचेच्या खांद्यावर, म्हणजे खाचेच्या तोंडाशी असलेल्या कडेवर, टेकवून ठेवते, आणि शाफ्टपासूनचं अंतर तो खांदा ठरवतो. शाफ्ट अंगावर आला तर तुकडा मागे सरकतो, शाफ्ट गेला की स्प्रिंग त्याला पुन्हा खांद्यावर आणून बसवते. कारखान्यांतल्या लहान टर्बाइनच्या कार्बन ग्लँडमध्ये तुकड्यांभोवती वेढा घातलेली गार्टर स्प्रिंग याच कुळातली. ट्रॅक्टरचं ऑइल सील फाडून पाहिलंत तर रबरी ओठामागेही तशीच एक बारीक स्प्रिंग निघेल.

स्प्रिंग किती कडक हवी याचा हिशेब मला या सगळ्यात सर्वांत मजेशीर वाटतो. खालच्या अर्ध्यातले तुकडे वजनाने शाफ्टपासून दूर पडू पाहतात, तर वरचे आपोआप शाफ्टकडे येतात. तुकडा तीन-चार किलोचा धरला तर खालच्या स्प्रिंगला निदान तेवढं उचलून वर थोडा जोर शिल्लक हवा. एवढंच. जास्त कडक केली तर शाफ्ट आला तरी तुकडा हटणार नाही, आणि आबांचा शाफ खाण्याचा प्रकार सुरू.

पण यंत्र भारावर आलं की काय होतं बघा. तुकड्याच्या एका बाजूला जास्त दाब, दुसऱ्या बाजूला कमी. दर चौरस सें.मी.ला ५ किलोचा फरक आणि १०० चौरस सें.मी.चं तोंड धरलं तर ५०० किलोचा रेटा तुकड्याला खाचेच्या भिंतीवर दाबून धरतो. घर्षणाचा गुणांक ०.२ घेतला तरी तुकडा सरकवायला १०० किलो लागतील. आता चार-पाच किलोची स्प्रिंग काय करणार? काहीच नाही, आणि तिने काही करावं अशी अपेक्षाही नाही. त्या वेळी रोटर शांत फिरत असतो, त्याची बारीक हालचाल तारा सांभाळून घेतात. स्प्रिंगची वेळ असते सुरू होताना आणि थांबताना. तेव्हा वाफेचा दाब कमी, म्हणून तुकडे मोकळे, आणि नेमका तेव्हाच रोटर सर्वांत जास्त डोलतो. मोठी माघार स्प्रिंगची, लहान तारांची, आणि दोघींची पाळी वेगळी.

हाच धागा पकडून अमेरिकेतल्या रोनाल्ड ब्रँडनने १९८० च्या दशकात स्प्रिंग उलटी लावली. त्याच्या रचनेत स्प्रिंग तुकड्यांना शाफ्टपासून लांब ढकलते. यंत्र सुरू होताना फट मोठी राहते, भार चढला की पाठीमागे शिरलेली वाफच स्प्रिंगवर मात करून तुकडे आत लोटते.

कारागिरीतली एक अडचण मला आवडते म्हणून सांगतो. तारा तिरप्या आणि तुकडा सरळ कापलेला, मग कापाच्या टोकाशी तारांचा एक त्रिकोण रिकामा राहतो किंवा शेजारच्या तुकड्यात घुसतो. म्हणून काही ठिकाणी टोकंही तारांच्या कलानेच कापतात. सहा सांधे म्हणजे गळतीच्या सहा जागा, तिथे आळस चालत नाही.

स्प्रिंगचा धातूही साधा चालत नाही. एवढ्या उष्णतेत साधं स्प्रिंगचं पोलाद महिन्याभरात मरगळेल, म्हणून इन्कोनेल एक्स-७५० सारखे निकेलचे मिश्रधातू वापरतात. तरीही स्प्रिंग थकण्याआधी खाच भरून येते. वाफेबरोबर आलेला ऑक्साइडचा कीस आणि क्षार खाचेत बसतात, तुकडा मागे जातो आणि तिथेच अडकतो. बाहेरून काही कळत नाही. केसिंग उघडल्यावर फिटर मंडळी त्यासाठी कुठलंही यंत्र आणत नाहीत. एकेका तुकड्याला दोन्ही अंगठ्यांनी खाचेत दाबतात, सोडतात, आणि तो परत येऊन खांद्यावर 'टक्' वाजतो का ते ऐकतात.