हळूच टाकता म्हणूनच गिअर जातो

"मी तर गिअर किती हळुवार टाकतो, तरी कसा काय खराब झाला?" आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन, वापरणाऱ्यांचं हे ठरलेलं वाक्य. अहो, हळुवार टाकता म्हणूनच खराब झाला! गाडीत सिंक्रोनायझर असतो, तो दोन्हीकडचा वेग आधी जुळवून घेतो, म्हणून तिथे ती सवय खपते. बोटीच्या मोटरीत तसलं काही नसतं.

इंजिनाचा उभा शाफ्ट खाली गिअरकेसमध्ये, म्हणजे गिअरच्या पेटीत उतरतो, त्याच्या टोकाला पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. तो एकाच वेळी दोन बेव्हल गिअर (तिरक्या दात्यांची चाकं) फिरवतो, समोरासमोर बसवलेले असल्याने एक इकडे फिरतो, दुसरा तिकडे. इंजिन चालू आहे तोवर हे दोघं न्यूट्रलमध्येसुद्धा फिरतच असतात, फक्त पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट त्यांच्या पोटातून आरपार गेलेला असतो आणि त्यांना चिकटलेला नसतो. म्हणजे गिअर टाकताना गिअर जागचे हलतच नाहीत. हलतो तो मधला डॉग क्लच, शाफ्टवरच्या खाचांवर सरकणारा जाड दात्यांचा पोलादी तुकडा. पुढच्या गिअरमध्ये अडकला की फॉरवर्ड, मागच्यात अडकला की रिव्हर्स.

आता थोडं गणित. आयडलला, म्हणजे रेस न देता, ७०० आरपीएम आणि गिअर रेशो २:१ (इंजिनाचे दोन फेरे, गिअरचा एक) धरला तर बेव्हल गिअर सेकंदाला जवळपास ६ फेरे मारतो. क्लचला आणि गिअरला ३-३ दाते असतील आणि पंखा थांबलेला असेल तर सेकंदाला १७-१८ वेळा दात्यावर दाता येतो. लिव्हर अर्ध्यात रेंगाळला की कडकडकड आवाज येतो ना, तो हाच, आणि प्रत्येक ठोक्याला दात्याचा कोपरा थोडा थोडा गोल होत जातो. म्हणून लिव्हर एका दमात, ठाम टाकायचा, पण आयडलवरच, रेस देऊन नाही.

कोपरे गोल झाले की खरी गंमत सुरू होते. दात्याची बाजू सरळ असेपर्यंत लोड फक्त फिरवण्यात जातो, उतार आला की त्यातला काही भाग क्लचला बाहेर ढकलायला लागतो. तेलातल्या पोलादाचा घर्षणांक ०.१ धरला तर साधारण ६ अंशांपर्यंतचा उतार घर्षणच सांभाळून घेतं, त्यापुढे क्लच आत धरून ठेवायचा भार लिव्हरच्या जोडणीवर येतो. म्हणून घासलेला गिअर आयडलला छान लागतो आणि रेस वाढवली की खट्कन उडतो. झिजलेले दाते भरून काढणारं 'खास' तेल कोणी विकत असेल तर सोडून द्या, तेलाने पोलाद उगवत नाही.

पण गिअर लागतच नसेल तर दोष बरेचदा दात्यांचा नसतोच. किल्ली काढा, प्लगच्या वायरी काढा, मगच पंख्याला हात लावा. एकाने पंखा हाताने हळूहळू फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने लिव्हर टाकायचा, कारण दाते नेमके समोरासमोर आलेले असले तर चांगली मोटरसुद्धा गिअर घेत नाही. तरी घट्टच? इंजिनाच्या बाजूने केबल सोडा. केबल सोडूनही लिव्हर जड असेल तर केबल किंवा कंट्रोल बॉक्स गंजलाय, लिव्हर हलका झाला आणि मोटरीकडचा दांडाच हलेना तर दुखणं खाली आहे. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) नुकताच बदलला असेल तर आधी शिफ्ट रॉड, म्हणजे लिव्हरची हालचाल खाली क्लचपर्यंत नेणारी दांडी बघा, गिअरकेस परत चढवताना ती नीट जोडली गेली नाही की लिव्हर नुसता हलतो, खाली काहीच होत नाही.

गिअर लागतोय, इंजिन ओरडतंय आणि बोट जागची हलत नाही, हा प्रकार वेगळा. तिथे पंख्याच्या आतलं रबरी हब सुटलेलं असतं. हब आणि पंखा दोन्हींवरून एक सरळ रेघ मारा आणि लोडवर चालवून बघा, रेघ तुटली की निकाल लागला. छोट्या मोटरीत त्याच जागी पिन असते, ती तुटते, म्हणून एक जादा पिन बोटीत असावी.

शेवटी गिअर ऑइल काढून बघाच. दुधाळ असेल तर सील गेलंय, पाणी शिरलंय. चुंबकाच्या बोल्टला बारीक करडा लेप असेल तर ठीक, नखाला टोचतील असे तुकडे असतील तर मोटर चालवू नका, गिअरकेस उघडावीच लागेल.