साधं पेट्रोल की प्रीमियम?

नाशिकमध्ये द्वारका असो की पाथर्डी फाटा, पंपावर गाडी लावली की ‘साधं की पॉवर?’ हा प्रश्न येतोच. गाडी नवी असेल तर लाडक्या लेकराला तूप-रोटी भरवावी तसं आपण महागाचं टाकायला सांगतो. पण प्रीमियममध्ये ताकद जास्त असते, हा समज काढून टाका. लिटरमागे मिळणारी ऊर्जा दोन्हींत जवळपास सारखीच असते.

फरक असतो तो ऑक्टेनचा. पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, मग प्लगची ठिणगी ते पेटवते. ज्योत सगळीकडे पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप पेटलं, तर इंजिन नॉक करतं. कसारा घाट चढताना गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, गिअर चौथा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. अशा वेळी बॉनेटखालून जी बारीक खडखड येते, ती बहुधा हीच. पहिला उपाय म्हणजे गिअर उतरवा. ऑक्टेन जितका जास्त, तितका जास्त दाब पेट्रोल सोसतं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यामुळे ९१ वर चालायला बनवलेल्या इंजिनाला जास्त ऑक्टेन देऊन ना पिकअप वाढत, ना ॲव्हरेज. (नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा किंचित विरळ, म्हणून साध्या बिनटर्बो (हवा दाबून न भरणाऱ्या) इंजिनात नॉकिंगची शक्यता उलट थोडी कमीच.)

दुसरी गोष्ट ॲडिटिव्हची. प्रीमियममध्ये इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) आणि व्हॉल्व्हवरचा थर साफ ठेवणारी रसायनं जास्त असतात. त्यांचा उपयोग खरा आहे, पण हळूहळू होणारा; एका टाकीत फरक जाणवत नाही. शिवाय डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतलेच जात नाहीत.

आता पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमुळे हिशेबच बदललाय, आणि हे ग्राहकांना कुणी नीट सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८. बीएस-६ (प्रदूषणाच्या सरकारी मानका)च्या साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ होता. २० टक्के मिश्रणामुळे तो ९५ वर गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे ई-२० (हे २० टक्के इथेनॉलचं साधं पेट्रोल) आणि ‘९५’ ची पाटी लावलेलं प्रीमियम यांत ऑक्टेनचं अंतर फारसं उरलेलं नाही. जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः ॲडिटिव्हसाठी. इथेनॉल टाळायला म्हणून ९५ वालं भरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की त्यातही इथेनॉल असतं. एक्सपी१०० सारखं १०० ऑक्टेनचं पेट्रोल वेगळं, पण ते खूपच महाग. उच्च कॉम्प्रेशनच्या (मिश्रण जास्त दाबणाऱ्या इंजिनाच्या) किंवा दणकट टर्बोच्या महागड्या गाड्या आणि सुपरबाइक यांच्यासाठीच ते ठीक.

म्हणून पंपावर विचारण्याआधी टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर किंवा मॅन्युअल बघा. तिथे ९१ लिहिलं असेल तर साधंच भरा. वाचलेले पैसे प्लग आणि एअर फिल्टरवर खर्च करा. ९५ किंवा जास्त ‘किमान’ म्हणून लिहिलं असेल तर मात्र काटकसर नको. एखाद्या वेळी कमी ऑक्टेनचं पडलंच, तर घाबरू नका. आजच्या गाड्यांतला नॉक सेन्सर नॉकिंग ओळखतो आणि ठिणगी किंचित उशिरा पाडून इंजिन सांभाळलं जातं. तेवढ्या टाकीपुरती गाडी जरा मंद ओढेल. तोवर घाटात गिअर उतरवून चालवा आणि पुढच्या वेळी योग्य ते भरा.