खबर कशाची द्यायची आणि कुणाला : जागल्यापासून 112 पर्यंत

रेल्वे स्टेशनवर उभं राहिलं की दर थोड्या वेळानं ती अनाउन्समेंट होते, बेवारस वस्तूंना हात लावू नका, संशयास्पद काही दिसलं तर पोलिसांना कळवा. इतक्या वर्षांत ती कानाला इतकी सवयीची झालीय की आता ऐकूच येत नाही. पण "संशयास्पद" म्हणजे नेमकं काय, हे कुणी कधी नीट समजावून सांगितलंय का? मला तरी नाही. म्हणून ही सवय आपल्याकडे आली कुठून, कधी कामी आली आणि कधी तिनं निरपराध माणसांचा जीव घेतला, ते जरा मागं जाऊन बघू.

आपल्याकडे खबर द्यायची पद्धत पोलिसांपेक्षा जुनी आहे. पेशवाईत आणि त्याच्याही आधी गावात पाटील असायचा, त्याच्या हाताखाली जागल्या, कुठं रामोशी, कुठं महार, भाग बदलला की माणसं बदलायची पण काम तेच, म्हणजे रात्री जागायचं आणि गावात कोण परका आला, कुठं उतरला, कधी गेला ते पाटलाच्या कानावर घालायचं. चोरी झाली तर पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं. माग शिवेपलीकडं गेलाय असं दाखवून दिलं की जबाबदारी पुढच्या गावाची, त्यांनी तो पुढं न्यायचा. आणि माग ज्या गावात संपला त्या गावावर नुकसानभरपाई येऊ शकायची. पेशवाई बुडाल्यावर 1819 साली एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं या मुलखाचा जो रिपोर्ट लिहिला त्यात ही पद्धत नोंदवलेली आहे. मला यातलं हे फार आवडतं की सगळी व्यवस्था पावलावर चालायची, म्हणजे काय घडलं आणि कुठल्या दिशेनं गेलं यावर.

इंग्रजांनी ती मोडली नाही, कागदावर आणली. 1867 चा मुंबई ग्राम पोलीस कायदा आला आणि पाटलाची ही जबाबदारी कायद्यात गेली. पुढं 1 जानेवारी 1963 पासून वंशपरंपरागत पाटीलकी गेली, आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यानं आज आपण ज्यांना पोलीस पाटील म्हणतो ते पद आलं, वारसानं न मिळणारं, नेमणूक होणारं. गावात काय चाललंय ते पोलीस ठाण्याला कळवत राहणं हे त्यांचं मुख्य काम.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पोलीस पाटील होते. त्यांचं लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर मी लहानपणी चाळलेलं आहे. एका पानावर लिहिलेलं होतं, देवळामागं पांढरी मॅटॅडोर, रात्री दोनचा सुमार, लाईट बंद, इंजिन चालू, दोन माणसं खाली, तिसरा आत, नंबरचे शेवटचे दोन आकडे 47, चावडीच्या रस्त्यानं नदीकडं गेली. एवढंच. माणसं कशी दिसत होती, कोणत्या जातीची वाटली, कपडे कसे, एक अक्षर नाही. सकाळच्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी देऊन त्यांनी ठाण्यात पाठवली, आणि आठवड्याभरात विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी चोरणारी टोळी शेजारच्या तालुक्यात सापडली. त्या शेवटच्या दोन आकड्यांवरून. ती नोंद मला अजून पाठ आहे, कारण त्यानंतर मी या विषयावर जे जे वाचलं ते सगळं त्या पानाशी ताडून बघत आलोय.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू भयंकर आहे. पुण्यात घाशीराम कोतवालाच्या वेळी रात्री तोफ झाली की परवानगीशिवाय रस्त्यावर फिरायची बंदी होती, आणि 1791 मध्ये बाहेरगावाहून आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी पकडून कोंडून घातलं आणि त्यातले कित्येकजण गुदमरून मेले. लोक इतके खवळले की शेवटी घाशीरामालाच दगडांनी ठेचून मारलं. ती माणसं परकी होती, एवढं कारण त्यांना पकडायला पुरलं.

मग इंग्रजांनी हीच गोष्ट कायदा करून केली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पुढं 1911 च्या कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यातही ते सुरू झालं. पारधी, कैकाडी, भामटे अशा लोकांना हजेरी लावायला लागायची, गाव सोडताना परवानगी घ्यायला लागायची, कित्येकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, सोलापुरात त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला पण डोक्यातलं गेलं का? अजूनही कुठं पाल पडलं की "नजर ठेवा यांच्यावर" म्हणणारे आहेतच. मी हे चिडून लिहितोय, कारण संशयाचं बोट माणसाच्या जन्माकडं वळलं की खरा चोर बाजूनं आरामात निघून जातो आणि मार खातो तो भलताच.

आता मुंबईकडं. 12 मार्च 1993, शुक्रवार, दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजारात पहिला स्फोट आणि मग एकामागून एक, 257 माणसं गेली. त्या तपासाला पहिला धागा मिळाला तो वरळीत सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनमुळे, आत शस्त्रं होती आणि गाडीच्या नंबरावरून पोलीस माहीमच्या अल हुसैनी बिल्डिंगपर्यंत, म्हणजे आरोपी मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोचले. नायगाव क्रॉस रोडला एक स्कूटर उभी होती, तिच्यात आरडीएक्स होतं, ते 14 मार्चला निकामी केलं. दोन दिवस ती तिथंच! आपल्या गल्लीत रोज कुणाच्या गाड्या लागतात हे आपल्याला माहीत असतं, अनोळखी गाडी हलतच नाहीये हे पोलिसांच्या आधी आपल्याला कळू शकतं.

आणि तो माल उतरला कुठं, तर रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला. कस्टमचेच काही लोक त्यात सामील होते हे नंतर कोर्टात सिद्ध झालं. म्हणजे ज्यांना कळवायचं तेच फितूर. अशा वेळी गावकऱ्यानं सांगायचं तरी कुणाला, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, आणि एकाच माणसावर सगळी साखळी अवलंबून नको, कळवायला दोन-तीन वेगळ्या वाटा हव्यात, हे तिथंच कळायला पाहिजे होतं. त्याच वर्षी नौदलानं ऑपरेशन स्वान सुरू केलं, कोस्ट गार्ड, पोलीस, कस्टम सगळे मिळून किनाऱ्यावर गस्त.

तरीही 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आली. कफ परेडच्या बधवार पार्कजवळचा मच्छीमार नगरचा किनारा. कटकला भारत इंग्लंडची मॅच चालू, निम्मी वस्ती टीव्हीसमोर. रबरी बोटीतून तरुण पोरं उतरतात, पाठीवर जड बॅगा. कोळी लोकांना दर्यात कोण कुठल्या वेळी, कुठल्या बोटीतून येतो हे पाठ असतं, ही बोट आपली नाही आणि मासेमारीची तर नाहीच हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी विचारलंही, कोण तुम्ही, कुठून आलात. तुसडं उत्तर मिळालं. वस्तीतल्या लोकांनी पोलिसांना सांगितलं पण वेळेत काही झालं नाही, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. मला कुणावर बोट ठेवायचं नाही, पण इथं सामान्य माणसानं आपलं काम केलं होतं, बघितलं, खटकलं, विचारलं. खबर पकडायला दुसऱ्या टोकाला कुणी तयार हवं, ती यंत्रणाच धड नव्हती.

ती बरीचशी उभी राहिली यानंतर. सागरी पोलीस ठाणी वाढली, बोटींना रंग ठरवून दिले, मच्छीमारांना ओळखपत्रं आली, गावोगावी सागर रक्षक दल, किनाऱ्यासाठी 1093 आणि कोस्ट गार्डचा 1554 हे नंबर. त्याचा उपयोग होतो का? 2016 च्या सप्टेंबरात उरणच्या शाळकरी मुलांनी सांगितलं की काळ्या कपड्यातली हत्यारबंद माणसं बघितली. नौदलापर्यंत सगळे कामाला लागले, शोधाशोध झाली, काही सापडलं नाही. माझ्या मते सापडलं नाही हेच बरं झालं, आणि मुलांचं बोलणं कुणी हसण्यावारी नेलं नाही हे त्याहून बरं. 2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला एक रिकामी बोट किनाऱ्याला लागली, आत तीन एके-47. परत तोच रायगड, शेखाडी तिथून काही फार लांब नाही, लोकांच्या पोटात गोळा आला असणार. नंतर कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतहून युरोपला जाताना इंजिन बिघडलं आणि भरकटत इकडं आली. पण तोपर्यंत बोट बघितल्या बघितल्या खबर पोचली होती आणि नाकाबंदी लागली होती.

पुण्यातली जर्मन बेकरी मात्र आठवली की वाईट वाटतं. 13 फेब्रुवारी 2010, टेबलाजवळ एक बेवारस बॅग, आणि ती उघडायला गेल्यावर स्फोट झाला असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. 17 माणसं गेली. "हात लावू नका" हे स्टेशनवरचं वाक्य इतकं रुक्ष वाटतं, पण त्याच्यामागं असं काही आहे.

शहरात अजून एक वेगळा प्रयोग झाला त्याबद्दल कमी बोललं जातं. भिवंडी. 1984 च्या दंगलीत होरपळलेलं गाव, तिथं डीसीपी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू मुसलमान दोन्हीकडची रोजची साधी माणसं आणि बीटचा हवालदार एकत्र बसायचे, काही खटकलं तर तिथंच बोलायचे. 92-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हवालदार ओळखीचा असला की माणूस सांगायला घाबरत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ही.

आणि ओळखीचं कुणी नसलं, मध्ये फक्त मोबाईल असला की काय होतं ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी, त्यांना ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडून जमावानं जीव जाईपर्यंत मारलं. 1791, 1871 आणि 2018, तेच. 2020 च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, पुन्हा अफवाच. दोन्हीकडं कित्येक लोकांच्या हातात फोन होते. तो मेसेज दहा ग्रुपवर टाकण्याऐवजी एकानं एक नंबर फिरवून "हे खरं आहे का हो" एवढं विचारलं असतं तर? राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, चांगलं केलं, पण पाचही खूप झाले.

आता आजची व्यवस्था. 100 नंबर आपल्या पिढीच्या तोंडात बसलेला, आता देशभर 112, महाराष्ट्रातले कॉल नवी मुंबईच्या आणि नागपूरच्या सेंटरला जातात आणि तिथून जवळच्या गाडीला. ऑनलाईन पैशाची फसवणूक असेल तर 1930, आणि तिथं पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे, गंभीर गुन्ह्यांची माहिती असेल तर ती कळवणं हे नागरिकाचं कर्तव्य कायद्यात आधीही होतं, आताही या संहितेच्या कलम 33 मध्ये आहे. लोक घाबरतात की नाव बाहेर पडेल. जुन्या पुरावा कायद्याच्या 125 कलमातच होतं की गुन्ह्याची खबर कुणी दिली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही. हां, मुद्दाम खोटं कळवलं तर तो गुन्हा आहे. मनापासून वाटलं म्हणून कळवलं आणि तसं काही निघालं नाही, तर त्यात गुन्हा नाही.

गेल्या वर्षी मीच केला होता कॉल. आमच्या गल्लीतल्या सोनाराच्या मागच्या भिंतीला रात्री साडेबाराला टेम्पो लागलेला, नंबर प्लेट चिखलानं भरलेली, दोघं भिंतीला काहीतरी करत होते. फोनवरच्या ताईंनी आधी जागा विचारली, जवळची खूण विचारली, मग किती माणसं, गाडी कुठली, रंग, तोंड कुठल्या बाजूला, आत्ता या क्षणी काय करतायत, आणि शेवटी म्हणाल्या तुम्ही खाली उतरू नका दादा. मी एकदा सवयीनं बोलून गेलो की बाहेरचे वाटतायत, तर त्या शांतपणे म्हणाल्या, ते राहू द्या, करतायत काय ते सांगा. मला एकदम आप्पांचं रजिस्टर आठवलं. पंधराएक मिनिटांत गाडी आली. दोघं पेंटर निघाले, सोनारानंच दुकान बंद झाल्यावर भिंत रंगवायला सांगितलेली. हवालदारांनी त्यांच्याकडून सोनाराला फोन लावून खात्री केली, मग वर बघून मला हात केला, आणि त्यातल्या एका पोरानं खाली बसून फडक्यानं नंबर प्लेट पुसली.