नऊ लिटरचं तळं

मासा आणि पाणवनस्पती ठेवायला ३० × २० × २० सेंटिमीटरची काचेची टाकी दुकानात १२ लिटरची म्हणून मिळते. तळाला ४ सेंटिमीटर वाळू घातली आणि वर २ सेंटिमीटर मोकळे सोडले, की पाणी मावतं जेमतेम ९ लिटर. वजन मात्र, ५ मिलिमीटर काच धरून, १६ किलोच्या आसपास जातं. डगमगत्या स्टुलावर ती ठेवू नका. औषध असो की खत, मात्रा नेहमी या नऊ लिटरवर काढायची.

वाळू २-३ मिलिमीटरची, चाळलेली, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. कृष्णाकाठच्या वाळूत चुनखडीचे पांढरे खडे निघतात. मूठभर वाळूवर लिंबू पिळा. फसफसली तर ती पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, वाढवत राहणार. काळी माती उसाला चांगली, टाकीत ती फुगते आणि एखादं रोप उपटलं तरी सगळं पाणी गढूळ करते.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला १० ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि दर लिटरमागे १ मिलिलिटर वापरा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण सांगली-मिरजेकडे ते बहुधा जड असतं. वॅलिसनेरिया आणि हायड्रिला या पाणवनस्पतींना त्याचं वावडं नाही: त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात. दोन्ही आपल्याकडच्याच. तरी ओढ्यातून आणून थेट टाकीत सोडू नका, पानांवर गोगलगाईची अंडी आणि चतुराची पिल्लं येतात, आणि चतुराचं पिल्लू छोटा मासा सहज खातं. अ‍ॅन्युबियास लावायचं तर त्याचं आडवं खोड दोऱ्यानं दगडाला बांधा. वाळूत पुरलं की कुजतं. क्रिप्टोकोरिनची पानं पहिल्या पंधरवड्यात गळून पडतात. मुळं जिवंत असतात, उपटू नका.

दिवा ५-६ वॉटचा एलईडी, रोज ६ तास, टायमरवर. खिडकीतल्या उन्हात टाकी ठेवली तर शेवाळ तुमच्या आधी घर करतं.

झाडं लावल्यावर मासा लगेच सोडायचा मोह होतो, आणि बहुतेक टाक्या तिथंच बिघडतात. विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंज फिल्टरवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांची वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर चिमूटभर खाणं टाकून त्यांना पोसायचं. जड पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता मोजणारा अंक) बहुधा ८ च्या पुढे असतो, आणि खरी मेख तिथं आहे. २५ अंशांना पीएच ७ असताना अमोनियाचा फक्त अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला सुमारे ५ टक्के. म्हणजे तोच अमोनिया दहापट घातक. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासा नको. या बिनमाशांच्या काळात वर बारीक जाळी लावा, नाहीतर डासांच्या अळ्या आधी होतील.

स्पंज फिल्टर चालवणारा एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. वीज गेली की नळीतून पाणी उलटं चढून पंपात शिरतं. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरला तर क्लोरीन जिवाणू मारतं.

एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. पृष्ठभागावर संगणकाच्या १२ व्होल्टच्या छोट्या पंख्याचा वारा सोडला की बाष्पीभवनानं पाणी २ ते ४ अंश गार राहतं. पण या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे ६०० मिलिलिटर गेले. दोन दिवसांना एवढी उतरली, तर महिन्यात ९ लिटर, म्हणजे टाकीभर पाणी उडालं. क्षार मागेच राहतात. ती तूट बोअरच्या पाण्यानं भरत गेलात तर महिन्यात क्षार जवळजवळ दुप्पट होतात. भरपाईला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घाला. आठवड्याला २ लिटर पाणी बदलाल तेव्हा मात्र नेहमीचंच वापरा.

या नऊ लिटरांत एक बेट्टा (फायटर मासा) राहील. गप्पीची जोडी नको, दोन महिन्यांत पिल्लांनी टाकी भरते आणि मग ती पिल्लं विहिरीत किंवा कालव्यात सोडायची बुद्धी होते. गोल्डफिशला तर यात वळायलाही जागा नाही. बेट्टाला दिवसाला दोन-तीन दाणे पुरतात. पाच मिनिटांत न खाल्लेले उचलून टाका.