शॉपिंग कार्ट सॉफ्टवेअर व त्याची निवड

ऑनलाइन दुकानात ग्राहकाने निवडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी, त्यांची किंमत, कर, सवलत व पाठवणीचा खर्च यांचा हिशोब करणारी आणि अखेरीस त्या नोंदीची पक्की ऑर्डर तयार करणारी संगणकप्रणाली. वस्तूंचा कॅटलॉग, साठ्याचा हिशोब, चेकआउट (पत्ता व पैसे देऊन खरेदी पुरी करण्याचा टप्पा) आणि ऑर्डरनंतरचा परतावा यांचाही समावेश आता तिच्यातच केला जातो. ग्राहकाकडून पैसे वसूल करण्याचे काम मात्र पेमेंट गेटवे या वेगळ्या सेवेचे असते. निवड करताना निरनिराळ्या सॉफ्टवेअरच्या सुविधांच्या याद्या शेजारी ठेवून ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे. ती अपुरी आहे. कार्टची व ऑर्डरची नोंद नेमकी कोठे आणि कोणाच्या ताब्यात राहते, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. सुरक्षितता, खर्च आणि पुढे सॉफ्टवेअर बदलण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून असतात.

उगम : दूरध्वनीच्या तारेने जोडलेल्या दूरचित्रवाणी संचावरून खरेदी करण्याची कल्पना ब्रिटनमध्ये मायकेल ऑल्ड्रिच यांनी १९७९ मध्ये मांडली व तशी यंत्रणा उभारली. ती दूरस्थ खरेदीची सुरुवात होय; कार्टचा माग काढायचा तर १९८४ च्या सुमारास सुरू झालेल्या, कॉम्प्युसर्व्ह या सदस्यांपुरत्या अमेरिकन संगणक-सेवेच्या इलेक्ट्रॉनिक मॉलपर्यंत जावे लागते. तेथे सदस्याला निरनिराळ्या वस्तू एका तात्पुरत्या नोंदीत साठवून शेवटी त्यांची एकत्रित मागणी देता येई. वेबवरील पहिल्या सुरक्षित विक्रीचा मान बहुधा नेटमार्केटला दिला जातो. या दुकानाने ११ ऑगस्ट १९९४ रोजी कार्डाचा क्रमांक कूटबद्ध स्वरूपात स्वीकारून संगीताची एक सीडी विकली. इंटरनेट शॉपिंग नेटवर्क या दुसऱ्या विक्रेत्याचा पहिलेपणाचा दावाही त्याच वर्षाचा आहे.

कार्टचे जनकत्व कोणाचे, हा वाद न्यायालयात गेल्यामुळे त्याची कागदपत्रे भरपूर आहेत. ओपन मार्केट या अमेरिकन कंपनीने नेटवर्कवरून विक्री करण्याच्या पद्धतीसाठी ऑक्टोबर १९९४ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते मंजूर झाले. पुढे हे पेटंट व त्याच्याशी संबंधित इतर पेटंटे सोव्हरेन सॉफ्टवेअरकडे गेली. अ‍ॅमेझॉनने २००५ मध्ये ४ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. न्यूएग या विक्रेत्याने मात्र शेवटपर्यंत लढा दिला. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने कॉम्प्युसर्व्ह मॉलचा आधार घेऊन, कार्टविषयीचे दावे त्या काळातील जाणकारालाही सहज सुचण्याजोगे होते असे ठरवले व ते रद्द केले. न्यायालयाचा हा दृष्टिकोन अधिक ग्राह्य वाटतो : वस्तू बाजूला काढून ठेवण्याची कल्पना वेबपूर्वीची आहे. पण कॉम्प्युसर्व्हचा सदस्य एका अखंड जोडणीवर असे, त्यामुळे तो कोण आहे हे यंत्रणेला सतत ठाऊक असे. वेबचा एचटीटीपी हा संकेत प्रत्येक विनंती स्वतंत्र मानतो, आधीची विनंती कोणाची होती हे तो लक्षात ठेवत नाही. वेबवर खरी नवी अडचण होती ती हीच.

तिच्यावरचा उपाय नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ च्या मध्यास काढला. अपूर्ण व्यवहारांची नोंद आपल्या सर्व्हरवर ठेवावी लागू नये, अशी एमसीआय या दूरसंचार कंपनीची मागणी होती. त्यातून ग्राहकाच्याच संगणकावर मजकुराचा लहानसा तुकडा ठेवणारी कुकी जन्माला आली. ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत ती उपलब्ध होती, म्हणजे ओपन मार्केटचा अर्ज आणि कुकीचे आगमन एकाच महिन्यातले. कुकीचे औपचारिक प्रमाणीकरण फेब्रुवारी १९९७ मध्ये झाले आणि प्रत्यक्ष वापराशी जुळणारे विवरण एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

नोंद ठेवण्याच्या पद्धती : कार्टचा सगळा मजकूर कुकीत ठेवणे ही सर्वांत जुनी पद्धत. एका कुकीत साधारण ४ किलोबाइट एवढाच मजकूर मावतो आणि तो ग्राहकाला बदलता येतो. त्यामुळे कुकीत केवळ ओळखक्रमांक ठेवून कार्टचा मजकूर सर्व्हरवरील सेशनमध्ये (ग्राहकाच्या एका भेटीपुरत्या नोंदीत) किंवा डेटाबेसमध्ये ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. सुरुवातीच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये वस्तूची किंमत पानावरील फॉर्मच्या अदृश्य रकान्यात लिहिलेली असे व सर्व्हर तीच खरी मानी. रकान्यातील आकडा बदलून महाग वस्तू नाममात्र किमतीत मागवता येते, हे २००० च्या सुमारास उघडपणे दाखवण्यात आले. ग्राहकाच्या ब्राउझरकडून आलेल्या किमतीवर कधीही विश्वास ठेवू नये, हा नियम तेव्हापासूनचा. आजही कोणतेही सॉफ्टवेअर पारखताना पाठवलेली विनंती बदलून ही चाचणी अवश्य घ्यावी. ती थोड्या वेळात होते आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी किती काळजी घेतली आहे ते उघड करते.

मोठ्या प्रमाणावर कार्ट चालवताना वेगळाच प्रश्न उभा राहतो. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या डायनॅमो या साठवण प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. काही सर्व्हर बंद पडले असले तरी ग्राहकाला कार्टमध्ये वस्तू टाकता आलीच पाहिजे, हे तिचे मूळ तत्त्व. परिणामी एकाच कार्टच्या दोन परस्परविसंगत प्रती तयार होऊ शकतात. त्या एकत्र करताना टाकलेली वस्तू हरवत नाही, काढून टाकलेली वस्तू मात्र क्वचित पुन्हा दिसू लागते. ही तडजोड अ‍ॅमेझॉनने जाणीवपूर्वक स्वीकारली. लहान दुकानाला एवढी यंत्रणा लागत नाही, पण पाहुणा म्हणून भरलेली कार्ट आणि लॉग-इन केल्यावर सापडणारी जुनी कार्ट यांचे काय करायचे, हा त्याच जातीचा प्रश्न प्रत्येक दुकानात येतो व निरनिराळी सॉफ्टवेअर त्याचे निरनिराळे उत्तर देतात.

साठ्यातील शेवटचा नग कोणासाठी राखायचा, हाही निवडीतला महत्त्वाचा मुद्दा. कार्टमध्ये टाकताच राखला तर न खरेदी करणारे ग्राहक माल अडवून बसतात. पैसे आल्यावर राखला तर तोच नग दोघांना विकला जाऊ शकतो. चेकआउट सुरू होताच ठरावीक मिनिटांसाठी राखणे हा मधला मार्ग बहुतेक दुकानांना मानवतो. गेटवेकडून पैसे मिळाल्याचा संदेश कधी कधी दोनदा येतो. सॉफ्टवेअरने तरीही ऑर्डर एकदाच नोंदवली पाहिजे.

प्रकार : वर्गणी देऊन दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवायचे, मुक्तस्रोत (ज्याचा मूळ संकेत कोणालाही मोकळेपणी घेता व बदलता येतो असे) घेऊन स्वतः चालवायचे आणि स्वतःसाठी खास लिहून घ्यायचे, असे ढोबळ प्रकार मानले जातात. पहिल्याचे आद्य उदाहरण पॉल ग्रॅहम व रॉबर्ट मॉरिस यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले व्हायावेब. याहूने ते १९९८ मध्ये विकत घेतले. शॉपिफाय २००६ मध्ये सुरू झाले. मुक्तस्रोत परंपरेत जर्मनीतील ओएसकॉमर्स २००० मधील, मॅजेंटो २००८ मधील, तर वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवर चालणारे वूकॉमर्स २०११ मधील. खास लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरविषयी प्रकाशित माहिती तुटक आहे.

निवडीचे निकष : कार्डाची माहिती कोठे उघडी होते, हे प्रथम पाहावे. कार्ड कंपन्यांनी डिसेंबर २००४ मध्ये पीसीआय डीएसएस हा समान सुरक्षा-मानकांचा संच प्रथम प्रसिद्ध केला. त्यानुसार कार्डामागील पडताळणीचा अंक व्यवहार मंजूर झाल्यावर साठवता येत नाही. कार्डाचा क्रमांक गेटवेच्या पानावर घेतला तर दुकानदारावरील जबाबदारी बरीच कमी होते. आपल्या सर्व्हरवर घेतला तर ती अनेक पटींनी वाढते. २०२२ मधील चौथ्या आवृत्तीने पैसे भरण्याच्या पानावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) नोंद व तपासणी आवश्यक केली. प्लगइनमधून (मूळ सॉफ्टवेअरला वरून जोडलेल्या पूरक भागांतून) घुसवलेल्या स्क्रिप्टद्वारे कार्डांचे क्रमांक चोरण्याचे प्रकार हे त्यामागचे कारण. म्हणूनच प्लगइन जितके कमी तितके बरे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

देखभालीचा काळ हा दुसरा निकष. मॅजेंटोच्या पहिल्या आवृत्तीसाठी सुरक्षा-दुरुस्त्या देणे ३० जून २०२० रोजी थांबले. दुसरी आवृत्ती रचनेत इतकी वेगळी होती की दुकानदारांना अद्ययावतीकरणाऐवजी स्थलांतरच करावे लागले. मुक्तस्रोताला वर्गणी नसते. मात्र होस्टिंग (सर्व्हरवरील जागा), दुरुस्ती व जाणकार माणसाचा वेळ यांचा खर्च सुटत नाही. वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहारामागील शुल्क विक्रीबरोबर वाढते, त्यामुळे अपेक्षित विक्रीचा आकडा धरूनच तुलना करावी.

बाहेर पडण्याची वाट करार करण्यापूर्वी तपासावी. वस्तूंची यादी बहुतेक ठिकाणांहून सहज बाहेर काढता येते. जुन्या ऑर्डर, परताव्यांच्या नोंदी आणि ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय काढताना अडचणी येतात. पासवर्ड एकदिश रूपांतर करून, म्हणजे मूळ शब्द परत काढता येऊ नये अशा रूपात, साठवलेले असल्याने नव्या सॉफ्टवेअरला तीच रूपांतरपद्धत वाचता आली नाही, किंवा जुन्याने ती नोंदच दिली नाही, तर प्रत्येक ग्राहकाला पासवर्ड नव्याने ठरवावा लागतो. पानांचे पत्ते बदलल्यास जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे कायमचे वळण द्यावे लागते, अन्यथा शोधयंत्रांतून येणारे ग्राहक रिकाम्या पानावर पोहोचतात. साठवलेल्या कार्डांच्या जागी वापरली जाणारी टोकने गेटवेकडे असतात. गेटवे तोच राहिला तर ती सहसा पुढे चालू ठेवता येतात. गेटवेही बदलायचा असेल तर जुन्या व नव्या गेटवेमध्ये कार्डांच्या माहितीचे थेट हस्तांतर करून घ्यावे लागते, आणि ते करण्याची तयारी दोघांनी लेखी दाखवली आहे की नाही हे आधीच विचारून ठेवावे.